हातातली भाकर

जेवताना माझ्या ताटाकडे कुणी बघितलेलं मला आजही चालत नाही. नवरा म्हणतो, तुला जरा जास्तच राग येतो. येतो. मुलगी म्हणते, मम्मी, भात थोडा कमी घे ना. ती काळजीनंच म्हणते हे मला कळतं, तरी माझा हात ताटावर आडवा जातो आणि मी तिला नको ते बोलून बसते. परवा आमच्या सोसायटीत एक आहारतज्ज्ञ बाई आल्या होत्या. पडद्यावर चित्रं दाखवत होत्या. एका चित्रात आई, बाप आणि दोन मुलं गोल टेबलाभोवती बसून हसत हसत काकडी खात होती. कुटुंबानं एकत्र बसून जेवावं, ज्वारी-बाजरीकडे परत वळावं, रोज अर्धा तास चालावं, असं त्या गोड आवाजात सांगत होत्या आणि सगळ्या बायका माना डोलवत होत्या. शेवटी त्यांनी ज्वारीच्या पिठाची चकचकीत पाकिटं विकायला काढली तेव्हा मी उठून बाहेर आले. मागून कुणीतरी म्हणालं, हिला काय झालं? मला काय झालं ते आता पन्नाशीला आल्यावर एकदाचं लिहून टाकते.

सुरतेच्या लिंबायत वस्तीत आमची एक खोली होती. पुढं ओटा, मागं मोरी, मधे आम्ही तिघं. थोरली बहीण लग्न होऊन शिरपूरला गेली होती, त्यामुळे तिची गोधडी माझ्या वाट्याला आली होती. वडिलांना मी अण्णा म्हणायची आणि आईला माय. अण्णा कापड कारखान्यात मागावर होते, सकाळी सातला जायचे, दुपारच्या सुट्टीत घाईघाईनं जेवायला यायचे आणि पुन्हा संध्याकाळपर्यंत उभे. आमच्या गल्लीत झोपेतून उठवायला घड्याळ लागायचं नाही. कारखान्यांची खटखट चोवीस तास चालूच असायची, ती कानांना ऐकूच यायची नाही. ऐकू यायचं ते माय भाकरी थापायची ते. परातीत पीठ मळायचं, मग गोळा घेऊन तळव्यानं थापत थापत फिरवायचा, बांगड्या एका लयीत वाजायच्या, आणि मग तव्यावर भाकरी पडल्याचा चर्रकन आवाज. अमळनेरजवळच्या आमच्या गावाहून काका ज्वारीचं पोतं पाठवायचे. माय त्यात अख्खे उडीद घालून दळून आणायची, कळण्याची भाकरी करायची. वर कच्च्या तेलाची धार, लसणाची लाल चटणी, कांदा. कधी तव्यावर भाजलेली मिरची मीठ घालून रगडलेली. त्या भाकरीला जो खरपूस वास असतो तो पाकिटातल्या पिठाला येत नाही, आणि मी हे म्हातारपणाच्या लाडानं सांगत नाहीये, दोन पाकिटं आणून बघितली आहेत.

माय शेवटी जेवायची. यात काही विशेष नव्हतं, गल्लीतल्या सगळ्याच बायका शेवटी जेवायच्या. अण्णांचं झालं, माझं झालं, मग भांडी गोळा करताना ती चुलीकडे तोंड करून बसायची आणि उरलेली भाजी तव्यातूनच पुसून खायची. तिचं ताट असं नव्हतंच. भाकरी डाव्या हातावर घ्यायची, त्यावरच चटणी, आणि उजव्या हातानं तोडून खायची. पण जेवायची मात्र पोटभर, आवडीनं. दोन भाकरी सहज खायची. तिच्या सगळ्या दिवसातलं तेवढंच एक तिचं असं काही होतं, हे मला आज कळतं. तेव्हा मला काहीच कळत नव्हतं आणि आपल्याला सगळं कळतं असं मात्र वाटत होतं.

मी तेव्हा तेरा वर्षांची होते. शाळा मराठी होती, पण गुजराती मी रस्त्यावरून, दुकानातून, गरब्यातून उचललेली होती. गल्लीतल्या बायकांची सुरतेत दहा-दहा वर्षं गेली तरी गुजराती म्हटलं की त्यांची जीभ अडायची. त्या घरात अहिराणी बोलायच्या, बाहेर मोडकी हिंदी. त्यामुळे लाइटबिलात चूक असो, रेशनकार्ड असो, की साड्यांना लेस लावायचं काम घरी देणाऱ्या ज्योत्स्नाबेनशी काही बोलायचं असो, हाक मला यायची. 'सुनीले लिसन जा, तिले गुजराती येस,' सुनीला घेऊन जा, असं बायका एकमेकींना सांगायच्या. मी मान ताठ करून जायची. त्या ताठ मानेचा मला आज इतका राग येतो की बस.

मायला सारखी तहान लागायला लागली. माठ दुपारच्या आत संपायचा. ती वाळायला लागली, लेस लावताना सुईत दोरा ओवता येईना. म्हणून मीच तिला रस्त्यावरच्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टर गुजराती, वय झालेले, घाईतले. बाहेर बाकावर वीस माणसं होती. रक्त तपासलं, दोन दिवसांनी परत बोलावलं. दुसऱ्या वेळी त्यांनी कागदावरून नजर न काढता सांगितलं की मायला डायाबिटीस आहे, आणि विचारलं, 'बेन, शुं खाओ छो?' एवढं मायला कळलं. तिनं सरळ सांगितलं, 'भाकर.'

'भाखरी बंध,' डॉक्टर म्हणाले. 'घी, खांड बंध. भात ओछो. शाक, दाळ ने रोटलो. अने रोज अडधो कलाक चालवानुं.' तूप-साखर बंद, भात कमी, रोज अर्धा तास, एवढं मला लगेच कळलं.

बाहेर आल्यावर माय दवाखान्याच्या ओट्यावर बसली आणि मला म्हणाली, 'काय चालाडू मी? माग?' तिनं 'चालवानुं' म्हणजे काहीतरी चालवायचं असं ऐकलं होतं. मी पोट धरून हसले. म्हटलं, अगं माय, गुजरातीत चालवुं म्हणजे चालणं, पायी चालायचं. तीही हसली. मग विचारलं, 'आनि रोट? कानबाईना रोट रोज खाऊ का?' श्रावणात कानबाई देवी बसते तेव्हा आमच्याकडे गव्हाचे रोट करतात, तेवढेच रोट तिला ठाऊक. मी पुन्हा हसले. रोट नाही गं, रोटलो. गुजराती लोक पोळीला रोटली म्हणतात, मग रोटलो म्हणजे मोठी जाड पोळी. भाकरी बंद, पोळी चालू. एका मिनिटापूर्वी मी एक शब्द बरोबर सांगितला होता, त्यामुळे दुसऱ्या शब्दाची मला शंकाच आली नाही, आणि तिलाही आली नाही. तिनं मान हलवली. परत आत जाऊन विचारायला काय झालं होतं? वीस माणसं बसली होती, पुन्हा आत जायची लाज वाटली, एवढंच झालं होतं.

त्या दिवसापासून मायनं भाकरी सोडली. सोडली म्हणजे खायची सोडली. करायची काही सुटली नाही. रोज सकाळी अण्णांसाठी आणि माझ्यासाठी ती परातीत भाकरी थापायची, भाजायची, वास घरभर सुटायचा, आणि आम्हाला वाढून झाल्यावर स्वतःसाठी दोन पोळ्या लाटायची. आता हे वाचताना कुणाला वाटेल की पोळीनं काय बिघडतं. आमच्या गल्लीत पोळी सणाला व्हायची, जावई आला तर व्हायची. आजारी बाई रोज पोळी खाते ही बातमी तीन दिवसांत शेवटच्या नळापर्यंत पोचली. बायका म्हणायच्या, बरं आहे बाई, असला आजार आम्हाला पण होऊ दे. अण्णा आधी गप्प होते, मग तेही म्हणायला लागले, 'रोज पोळी. सण शे का घरमा?' हसून म्हणायचे, पण म्हणायचे. महिन्याभरात मायनं पोळ्या लाटणं बंद केलं. सकाळचा भात उरलेला असायचा, तो ती दोन्ही वेळेला खायला लागली. भात खाणारी बाई कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. डॉक्टरांनी भात कमी सांगितला होता आणि मी तिला ते सांगितलंही होतं. पण पोळीला लाज, भाकरीला बंदी, मग तिनं खायचं काय होतं? हा प्रश्न त्या घरात एकानंही विचारला नाही, माझ्यासकट.

चालण्याचीही तीच कथा. पहिले काही दिवस ती सकाळी गरनाळ्यापर्यंत, म्हणजे रेल्वेखालच्या बोगद्यापर्यंत, जाऊन यायची. पण रिकाम्या हातांनी चालणारी बाई आमच्याकडे कुणी बघितलेली नव्हती. बाई रस्त्यावर असली तर तिच्या हातात पिशवी हवी, हंडा हवा, पोर हवं. म्हणून माय दुधाची किटली घेऊन निघायची. किटली रिकामी. गरनाळ्यापर्यंत रिकामी न्यायची आणि रिकामीच परत आणायची, म्हणजे लोकांना वाटावं, दूध आणायला निघाली आहे. पण लोक तेवढे भोळे नसतात. अण्णांना कारखान्यात कुणीतरी विचारलं, तुझ्या बायकोला दूध मिळत नाही का रे, रोज किटली घेऊन फिरते. अण्णा घरी येऊन म्हणाले, 'बाईमानूस रिकामी किटली लिसन कोठे फिरस? लोके हासतस.' मायनं किटली खुंटीला टांगली. पण त्याआधीच झिजलेल्या रबरी चपलेचा पट्टा तिच्या उजव्या पायाच्या अंगठ्याशेजारच्या बोटाला घासून तिथं एक छोटी जखम झाली होती. चाला म्हणून सगळ्यांनी सांगितलं. कशात चाला, ते ना डॉक्टरांनी सांगितलं, ना मला विचारायचं सुचलं, ना अण्णांनी एक बरी चप्पल आणली.

आता ते लिहिते जे लिहायला मी एवढी वर्षं टाळाटाळ केली. एक दिवस शाळा लवकर सुटली. भर दुपार होती, गल्ली सुस्त पडली होती, दार लोटलेलं होतं. मी आत आले तर माय मोरीजवळच्या पाण्याच्या पिंपाआड भिंतीला टेकून बसली होती. तिच्या डाव्या हातावर भाकरीचा चतकोर होता, वर मिठाचे खडे, शेजारी फोडलेला कांदा. ती डोळे मिटून चावत होती. मला बघून तिनं हात पदराखाली घेतला. माझी आई, स्वतःच्या घरात, स्वतः थापलेली भाकरी मला बघून लपवत होती. मला त्या वेळी दया यायला हवी होती. मला राग आला. मी तिला डॉक्टरकडे नेते, मी तिच्या गोळ्या आणते, मी सगळ्या गल्लीला सांगते की मायचं पथ्य मी सांभाळते, आणि ही चोरून खाते!

'माले भूक लागस व,' माय म्हणाली. एवढंच म्हणाली.

मी तिचा हात पदरातून ओढला, भाकरी हिसकावून घेतली आणि दाराबाहेर फेकली. समोरच्या मावशींची बकरी तिथंच बांधलेली असायची. तिनं ती खाल्ली. मी ओरडत होते, तुला मरायचं आहे का, डॉक्टरनं बंद सांगितली ना, समजत नाही का तुला. दारं उघडली. दोन-तीन बायका ओट्यावर आल्या. मायनं हात साडीला पुसला आणि मोरीत जाऊन भांडी घासायला बसली. संध्याकाळी मी अण्णांनाही सांगितलं. त्यानंतर भाकरीची दुरडी वरच्या फळीवर गेली आणि माय उठली-बसली तरी अण्णा विचारायचे, काही तोंडात टाकलं का. बायका हळदीकुंकवाला आल्या तरी आधी तिच्या हाताकडे बघायच्या. 'चोरून खाणारी' हे तिचं नाव झालं, आणि ते तिला मी दिलं होतं.

जखम बरी झाली नाही. काळी पडली, वास यायला लागला. रस्त्यावरच्या डॉक्टरांनी साखर पुन्हा तपासली, ती आधीपेक्षा खूप वर गेली होती. ते माझ्याकडे बघून म्हणाले, 'चोरी-छूपी खाय छे ने?' मी हो म्हटलं. मायला विचारलंही नाही. मोठ्या सरकारी दवाखान्यात तिच्या पायाचं ते बोट काढलं. तिथल्या लोकांनी नीट केलं, त्यांना काही बोलायचं नाही मला. घरी आली तेव्हा अण्णांनी तिच्यासाठी पुढून उघडी, मऊ चप्पल आणली होती. ती दाराशी ठेवलेली बघून मला वाटलं होतं की उचलून अण्णांच्या अंगावर फेकावी. मी फेकली नाही, तेवढी हिंमत फक्त आईशी दाखवायची असते.

माय बसून असायची म्हणून लेस लावलेल्या साड्यांचा गठ्ठा ज्योत्स्नाबेनकडे पोचवायचं काम माझ्याकडे आलं. ज्योत्स्नाबेन बोलायला तिखट, पण पोटात चांगल्या. त्या दिवशी त्या चहा करत होत्या. मला म्हणाल्या, बस, भूक लागली असेल, 'ले, भाखरी खा, गरम छे.' आणि त्यांनी ताटलीत जे माझ्यापुढे सरकवलं ते बघून मी म्हटलं, ही तर पोळी आहे. गव्हाची, जाड, लहान, बिस्किटासारखी कडक, वर तूप चमकत होतं. त्या हसल्या. पोळी कसली, ही भाखरी. गव्हाच्या पिठात तुपाचं मोहन घालून करतात. मी विचारलं, मग रोटलो? त्यांनी हात थापून दाखवले, अगदी माय थापते तसे. 'जुवारनो होय, बाजरीनो होय. तारी मम्मीने तो ए ज खावो जोईए,' तुझ्या आईनं तर तोच खायला हवा, भाखरी तिला चालायची नाही, तूप असतं.

मी ती भाखरी खाल्ली नाही. ताटली तशीच राहिली, आणि ज्योत्स्नाबेन मागून काय म्हणत होत्या तेही मी ऐकलं नाही. घरी पोचेपर्यंत माझं ठरलं होतं की चूक डॉक्टरची आहे. त्यांना विचारायला नको होतं का, बेन, तुमची भाकरी कशाची? मान वर करून एकदा बघायला नको होतं का, की ही बाई साडी कशी नेसली आहे, बोलते कशी आहे, कुठली आहे? आमच्या लोकांनी भरलेल्या वस्तीत दवाखाना थाटायचा, आमच्याच पैशावर चालवायचा, आणि आम्ही खातो काय हे माहीत करून घ्यायचं नाही! दुसऱ्या दिवशी शाळा दुपारची होती. मी फळीवरच्या दुरडीतून एक भाकरी घेतली, फडक्यात बांधली आणि दवाखाना उघडल्याबरोबर बाकावरच्या सगळ्यांना ओलांडून आत घुसले. त्यांच्या टेबलावर फडकं सोडलं आणि विचारलं, हे काय आहे?

डॉक्टरांनी चष्मा वर केला. 'आ तो रोटलो छे.'

आम्ही याला भाकरी म्हणतो, मी म्हटलं.

त्यांनी भाकरी उचलून उलटून बघितली. मग म्हणाले, 'आ ज तो खावानुं कहेलुं.' हेच तर खायला सांगितलं होतं. आणि मग, आवाज न चढवता, 'तुं ज हती ने साथे?' तूच होतीस ना बरोबर?

मीच होते. रोटलो म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं आणि माहीत नाही हे सांगायची मला लाज वाटली होती. मी सगळा रस्ता साठवून आणलेला राग त्यांच्यावर टाकायला गेले होते आणि तो तसाच्या तसा घेऊन परत निघाले. ते निर्दोष होते असं मी आजही म्हणणार नाही. त्यांनी विचारायला हवं होतं. अलीकडे एका डॉक्टर मैत्रिणीनं मला समजावलं की नुसत्या भाकरीनं कुणाचं बोट वाचत नाही आणि जातही नाही, जखम होती, चप्पल होती, गोळ्या वेळेवर घेतल्या का, अशी दहा कारणं असतात. असतील. पण त्या पिंपाआडची भाकरी तिची होती, ती तिला चालत होती, आणि मी ती बकरीला घातली. त्याला दुसरं कारण नाही.

घरी आले तेव्हा माय परातीत पीठ मळत होती. पाय पाटावर लांब केलेला, पट्टी बांधलेली. अण्णांची जेवायची वेळ होत आली होती. मी दारातच उभी राहिले आणि एका दमात सांगून टाकलं. डॉक्टरनं भाकरी बंद सांगितली नव्हती. ती त्यांची गव्हाची भाखरी. रोटलो म्हणजे आपलीच भाकरी. तीच खायला सांगितली होती. मी चुकीचं सांगितलं, माय.

तिचे हात थांबले. मला वाटलं ती रडेल, किंवा म्हणेल, जाऊ दे, पोर आहेस. मी तशी तयारी करून आले होते. तिनं मला जवळ बोलावलं, खाली बसायला सांगितलं, आणि पिठानं भरलेल्या हातानं माझ्या गालावर अशी लगावली की कानात कितीतरी वेळ कारखाना चालू होता. तोपर्यंतच्या आयुष्यात तिनं मला बोट लावलं नव्हतं.

'बोट गयं ते गयं,' ती म्हणाली. 'तुले समजनं नही, तू पोर व्हती. डाक्टरले इचारानं व्हतं, ते मी बी इचारं नही. पन तू मन्हा हातमाईन भाकर लिधी. भूक लागस सांगं व्हतं मी तुले. तू बकरीले दिधी.'

तिनं माझ्या हातातल्या फडक्याकडे बघितलं. 'ती आन आठे,' म्हणाली. ती आदल्या दिवसाची भाकरी होती, वाळलेली, डॉक्टरच्या टेबलावर जाऊन आलेली. मी नवी करून देऊ का विचारलं तर तिनं हात पुढे केला. 'आनि ताट आन. तुन्हा बापनं.' अण्णांचं पितळी ताट मी तिच्यापुढं ठेवलं. तिनं खोलीच्या मधोमध, दाराकडे तोंड करून बैठक मारली आणि खायला सुरुवात केली. कांदा बुक्कीनं फोडला. चटणी मागून घेतली, तेल मागून घेतलं.

तेवढ्यात अण्णा आले. दारातच थबकले. त्यांच्या ताटात, त्यांच्या आधी, बंदी असलेली भाकरी खात बसलेली बायको, आणि गालावर पांढरा पंजा उमटलेली मुलगी. 'हाई काय व्हयनं?' त्यांनी विचारलं.

मायनं घास संपवला. 'चोरीसन खाती नही मी,' ती म्हणाली. 'देखी ल्या. मंग हाई पोरले इचारा, ती सांगी.'

मी त्यांना सगळं सांगितलं. ओट्यावर उभ्या राहिलेल्या समोरच्या मावशींनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगितलं, कारण चोर म्हणतानाही मी तेवढ्याच मोठ्यानं म्हटलं होतं. अण्णा ऐकून घेत उभे राहिले. मग सवयीनं पाट ओढून बसायला लागले.

'थांबा जरासा,' माय म्हणाली. 'मन्हं व्हऊ द्या.'

ते थांबले. भिंतीला टेकून, भुकेले, सुट्टी संपत आलेली असताना थांबले. मी परातीजवळ बसले आणि राहिलेल्या पिठाचा गोळा घेऊन थापायला लागले. मला येत नव्हतं. कडा फाटल्या, मधे जाड राहिली, तव्यावर टाकताना एक बाजू दुमडली. मी ती तिच्या ताटात वाढली आणि तिला आवडते का हे बघायला वर बघितलं.

'मन्हाकडे देखू नको,' ती म्हणाली. 'मी जेवी ऱ्हायनी.'

माय त्यानंतर बरीच वर्षं जगली. साखर कमी-जास्त होत राहिली, पण दुसरं बोट गेलं नाही. सकाळी हातात काहीही न घेता गरनाळ्यापर्यंत जायची आणि कुणी हसलं तर थांबून त्याच्याकडे बघायची. आमच्या घरात पहिलं ताट तिचं असायचं. अण्णा मागून बसायचे. लग्नानंतर मी माहेरी आले की भाकरी मीच थापायची, कडा फाटू न देता, आणि तिचं जेवण होईपर्यंत तव्याकडे तोंड करून बसायची.